केंद्र आपले की त्यांचे?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये ६:१–७



मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे हा विषय का घेतला ते लक्षात येईल.

नाशिक शहरात मजूर नाक्याजवळ आपले आरोग्य केंद्र आहे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून बांधकामावर आणि द्राक्षबागांत कामाला येणारी कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे तेथे येतात. त्यांतला एक तरुण क्षयरोगाचे उपचार घेत होता. सहा महिन्यांच्या कोर्सपैकी दोन महिने पूर्ण झाले होते. खोकला थांबला होता, वजन वाढू लागले होते. जुलैमध्ये तो यायचा बंद झाला. मी दोनदा फोन केला, लागला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या कार्डावर लाल पेनने 'अनियमित' असे लिहिले.

गणपतीनंतर तो परत आला तेव्हा भावाने त्याला धरून आणले होते. थुंकीत पुन्हा जंतू सापडले. घरच्यांची तपासणी केली, तेव्हा त्याच्या चार वर्षांच्या मुलीलाही लागण झाल्याचे कळले. तो आज जिवंत आहे, उपचार चालू आहेत, मुलगीही औषधावर आहे. पण हे टळण्यासारखे होते.

त्या संध्याकाळी केंद्राची झाडलोट करणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, तो आवणीला गेलता. मला म्हाईत होतं."

"मग मावशी, मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

आवणी म्हणजे भाताची लावणी. पाऊस लागला की नाक्यावरचा निम्मा माणूस गावी जातो. मावशी त्याच्या शेजारच्या गावच्या. तो कोणत्या दिवशी निघाला हेही त्यांना माहीत होते. आम्हाला आधी कळले असते, तर त्याची नोंद गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे वर्ग करून देता आली असती. क्षयरुग्णांसाठी सरकारची तशी सोय आहे. औषध होते, सोय होती, माहितीसुद्धा होती. ती आमच्याच छपराखाली झाडू हातात घेऊन उभी होती.

घरी जाऊन मी केंद्राच्या समितीची यादी काढून पाहिली. नऊ नावे. पाळकसाहेब, दोन डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक, हिशोब पाहणारे बंधू, मंडळीतल्या तीन भगिनी आणि मी. सगळे प्रार्थना करणारे, प्रामाणिक लोक. त्यांत आदिवासी एकही नव्हता.

म्हणून या अंकाचा प्रश्न असा : शहरातल्या आदिवासींच्या आरोग्य केंद्राचे नेतृत्व कोणी करायचे?

शहरातला आदिवासी कोणाला दिसतो?

आदिवासी म्हटले की आपल्यापुढे डोंगर आणि पाडा उभा राहतो. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या सुमारे १० कोटी ४३ लाख आदिवासींपैकी एक कोटीहून अधिक लोक शहरांत राहतात. हंगामापुरते येऊन जाणारे वेगळेच. योजना बहुतेक गावाच्या पत्त्यावर असतात. रेशनकार्ड गावी, आशाताई गावी, अंगणवाडी गावी आणि माणूस नाक्यावर. गावात तो 'कामाला गेलेला' असतो आणि शहरात 'बाहेरून आलेला'. दोन्हीकडच्या नोंदवहीतून तो सुटतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. यावर वाचताना मला एक जागा सापडली, जिथे हेच सगळे पन्नास वर्षांपूर्वी घडले आणि लोकांनी त्यावर उत्तरही काढले. ती जागा म्हणजे ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराचा रेडफर्न हा भाग.

रेडफर्नमधले दुकान

रेडफर्न हा सिडनीच्या मध्याजवळचा कामगारांचा भाग. जवळच रेल्वेचे मोठे कारखाने होते. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागांतून तेथील मूळनिवासी लोक, ज्यांना तिकडे ॲबोरिजिनल म्हणतात, कामाच्या शोधात इथे येऊ लागले. १९६० च्या दशकात हा ओघ फार वाढला. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणे, हंगामी मजुरी, पोलिसांचा जाच, आजारी मुले. १९६७ च्या सार्वमतात तिथल्या ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी मूळनिवासींना जनगणनेत मोजावे आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला द्यावा, असा कौल दिला. पण कौल मिळाला म्हणून दवाखान्याचे दार उघडत नाही.

शहरात मोठी रुग्णालये होती. तरी हे लोक तिथे जायला कचरत. गावाकडच्या अनेक रुग्णालयांत त्यांना वेगळे ठेवले जाई, याची आठवण ताजी होती. पैसे नव्हते. त्याहून मोठी भीती म्हणजे सरकारी माणसाच्या नजरेस मूल पडले, तर ते मूल घेऊन जातील.

१९७० मध्ये रेडफर्नला मूळनिवासींसाठी कायदा सहाय्य केंद्र सुरू झाले होते. तिथे काम करणारे गॉर्डन ब्रिस्को घरोघरी फिरत, तेव्हा त्यांना खटल्यांइतकेच आजार दिसू लागले. त्यांनी, शर्ली स्मिथ यांनी, डल्सी फ्लॉवर या परिचारिकेने आणि इतर काहींनी मिळून डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज यांना सोबत घेतले. जुलै १९७१ मध्ये रीजंट स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या जागेत 'ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस' सुरू झाली. डॉक्टर स्वयंसेवक, सामान मागून आणलेले. मूळनिवासींनी स्वतः चालवलेली ऑस्ट्रेलियातली ही पहिली आरोग्य सेवा.

मुले तपासताना लक्षात आले की पुष्कळांचा खरा आजार उपासमार आहे. औषधाच्या चिठ्ठीने तो बरा होणार नव्हता. म्हणून दवाखान्याने कुटुंबांना ताजी फळे आणि भाजीपाला पोचवायला सुरुवात केली. शिकलेल्या डॉक्टरांना हे 'वैद्यकीय काम' वाटायला वेळ लागला असता. त्या घरांत वाढलेल्यांना ते सांगावे लागले नाही.

तिथे नेतृत्व कसे चालते

रेडफर्नचे वेगळेपण कारभाराच्या नियमात आहे. संस्थेचे सभासद मूळनिवासी समाजातले, संचालक मंडळ त्यांनी निवडलेले. डॉक्टर गोरा असो वा काळा, तो मंडळाचा नोकर किंवा मदतनीस. औषध कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवतो. दवाखाना कशासाठी, कोणत्या वेळी आणि कोणत्या क्रमाने चालेल हे मंडळ ठरवते.

नेतृत्व करणारी माणसे कशी होती, हेही पाहा.

शर्ली स्मिथ यांना सगळे 'मम शर्ल' म्हणत, म्हणजे शर्लीआई. कावरा गावाजवळच्या एराम्बी वसाहतीत त्या वाढल्या. फेफऱ्याच्या आजारामुळे शाळा झाली नाही. भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्याला भेटायला जात, आणि पुढे इतर कैद्यांनाही भेटू लागल्या. तुमचे नाते काय, असे अधिकाऱ्याने विचारले की म्हणत, मी याची आई. त्यावरून हे नाव पडले. अनेक अनाथ मुले त्यांनी आपल्या घरी वाढवली. वाचता न येणारी ही बाई देशातल्या पहिल्या अशा दवाखान्याच्या संस्थापकांत होती. आपल्या समितीच्या अर्जावर 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना असतो. त्यात तिने काय लिहिले असते?

दुसऱ्या नेओमी मेयर्स. परिचारिकेचे काम केलेल्या, आणि बहिणींबरोबर 'द सफायर्स' या गायनचमूत गाणाऱ्या. दवाखाना सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या तिथे आल्या आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी कारभार सांभाळला. सरकारी अनुदान मिळवणे, हिशोब देणे, आणि तरीही दवाखाना सरकारचे खाते होऊ न देणे, हे रोजचे कठीण काम त्यांनी केले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाने मूळनिवासींच्या आरोग्याचे राष्ट्रीय धोरण तयार केले, त्या कार्यगटाच्या त्या प्रमुख होत्या. आरोग्य म्हणजे एकट्या माणसाच्या शरीराची प्रकृती नव्हे, तर सगळ्या समाजाचे शारीरिक, सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक कुशल, असा अर्थ त्या धोरणाने धरला.

तिसरे डॉ. हॉलोज. न्यूझीलंडचे. तरुणपणी ते पाळकपणाच्या शिक्षणासाठी चर्चच्या महाविद्यालयात गेले होते, पण ती वाट त्यांनी सोडली. माझ्यासारख्या थिऑलॉजीचा डिप्लोमा पूर्ण केलेल्या बाईला हे वाचून थोडे वाईट वाटले. पण विद्यापीठातला हा प्राध्यापक त्या दुकानात दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे काम करत होता, हेही तितकेच खरे. पुढे १९७६ पासून त्यांनी देशभर डोळ्यांच्या तपासणीची मोहीम चालवली. तिच्यात सुमारे एक लाख लोक तपासले गेले. त्या मोहिमेत प्रत्येक वस्तीत आधी मूळनिवासी कार्यकर्ते जात, लोकांशी बोलत, आणि मग डॉक्टर येत.

रेडफर्ननंतर १९७३ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात असाच दवाखाना निघाला. आज ऑस्ट्रेलियात समाजाने चालवलेल्या अशा १४० हून अधिक आरोग्य संस्था आहेत. आजारी माणसाच्या शेजारी बसून त्याच्या भाषेत बोलणाऱ्या मूळनिवासी आरोग्य कार्यकर्त्यांचे काम २०१२ पासून तिथे देशपातळीवर नोंदणी होणारा व्यवसाय झाले आहे. आपल्या मावशींचे ज्ञान तिथे पात्रता म्हणून मोजले जाते.

मिशनच्या वाटेवरचा काटा

इथे आपल्याला थांबावे लागेल. मुले घेऊन जाणाऱ्यांची जी भीती वर सांगितली, त्या इतिहासात चर्चचाही हात आहे. अनेक दशके ऑस्ट्रेलियात मूळनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिगृहांत ठेवले गेले, आणि त्यांतली कितीतरी वसतिगृहे मिशन चालवत होत्या. भाषा बंद, नाव बदललेले, आईची पत्रे न पोचलेली. १९९७ च्या चौकशी अहवालाने हे देशापुढे मांडले. अनेक चर्चेसनी क्षमा मागितली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत देशातर्फे माफी मागितली.

त्या मिशनमधले सगळेच लोक दुष्ट होते असे नाही. पुष्कळ जण प्रार्थना करून कामाला जात. आपण भले करतो आहोत अशी त्यांची खात्री होती. एकच गोष्ट त्यांनी केली नाही : ज्यांचे भले करायचे त्यांना विचारले नाही. हे वाचताना मला माझे लाल पेन आठवले. माझी चूक त्यांच्याएवढी मोठी नाही, पण ती त्याच जातीची आहे.

रेडफर्नलाच चर्चचे दुसरे रूपही दिसते. फादर टेड केनेडी १९७१ मध्ये तिथल्या सेंट व्हिन्सेंट चर्चचे पाळक झाले. त्यांनी पाळकगृहाचे दार मूळनिवासींसाठी उघडे ठेवले. मम शर्ल त्यांच्या सोबतीण होत्या, आणि या बाईकडून आपण सुवार्ता शिकलो अशा भावनेने ते वागले.

यरुशलेमेतली तक्रार

आता आपला शास्त्रभाग उघडा. मंडळी वाढत होती आणि तक्रारही वाढली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांचे म्हणणे होते की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. या विधवा बाहेरून शहरात आलेल्या घरांतल्या, वेगळ्या भाषेच्या, म्हणून नजरेतून सुटलेल्या. नाक्यावरच्या आमच्या बाया डोळ्यांपुढे आणा.

प्रेषितांनी काय केले? त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. स्वतः आणखी जोमाने वाटणी करू असेही म्हटले नाही. आपणच माणसे नेमली नाहीत. निवड लोकांवर सोपवली. मग सात जण निवडले गेले : स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच. सातही नावे ग्रीक आहेत, आणि शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहूदीसुद्धा नव्हे. ज्या गटाच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्याच गटातल्या लोकांच्या हाती अन्नाचा कारभार गेला. प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवले, प्रार्थना केली आणि बाजूला झाले.

मी हा भाग कितीतरी वेळा शिकवला आहे. दरवेळी 'सेवक कसा असावा' यावर बोलले. सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, हे मी आजवर सांगितले नव्हते.

आम्ही काय बदलले, आणि काय सोडावे लागले

गेल्या दिवाळीनंतर आम्ही वस्त्यांवर तीन बैठका घेतल्या. आता समितीत अकरा जण आहेत आणि त्यांतले सहा त्या बैठकांत निवडून आलेले आदिवासी आहेत. मावशी त्यांच्यापैकी एक. पहिल्या सभेत त्या खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. दुसऱ्या सभेत बसल्या. तिसऱ्या सभेत त्यांनी विचारले, "दवाखाना धा ते एक का उघडा आसतो? त्या येळेला आजारी मानूस सुदिक कामावर आसतो." डॉक्टरांना सोयीची ती वेळ आम्ही सहा वर्षे चालवली होती. आता केंद्र संध्याकाळी सहा ते नऊ चालते.

भिंतीवर एक मोठा फळा आला. त्यावर आवणी, द्राक्षाची छाटणी, डोंगऱ्या देवाचा उत्सव, शिमगा, असे वर्ष मांडले आहे. कोण कधी गावी जाणार हे लोकच येऊन सांगतात. या वर्षी पाऊस लागण्याआधी उपचार घेणाऱ्या तिघांच्या नोंदी आम्ही त्यांच्या गावाकडे वर्ग केल्या. एक जण तरीही न सांगता गेला. पण त्याच्या कार्डावर या वेळी काही लिहिले नाही. मावशींच्या भाच्याने त्याच्या पाड्यावर जाऊन गोळ्या पोचवल्या.

दोन निर्णय मला जड गेले, तेही सांगते.

पहिला प्रार्थनेचा. रांगेतल्या सगळ्यांना बसवून आम्ही आधी प्रार्थना घेत असू. समितीतल्या एका दादांनी शांतपणे सांगितले, "लोक हात जोडतात, ताई, कारण औषध पुढं असतं." ते ऐकून मी रात्रभर झोपले नाही. आता आम्ही कार्यकर्ते दार उघडण्यापूर्वी आमची प्रार्थना करतो. कोणी आपणहून मागितली, तर त्याच्यासाठी करतो. मागणारे आहेत. पूर्वीपेक्षा कमी, पण मागतात ते मनापासून.

दुसरा पैशाचा. हृदयाची तपासणी करणाऱ्या यंत्रासाठी मी वर्षभर रक्कम जमवली होती. समितीने ती वेगळी ठेवली, शहरात वारलेल्या माणसाचा देह गावी नेण्याच्या गाडीभाड्यासाठी. मी विरोधात बोलले आणि हरले. यंत्र जीव वाचवते, असे मला अजूनही वाटते. पण फेब्रुवारीत बांधकामावरून पडून एक माणूस गेला आणि त्याच रात्री त्याला घरी नेता आले. त्यानंतर त्या वस्तीतल्या गरोदर बाया पहिल्यांदाच तपासणीला आल्या. हे दवाखान्याचे काम आहे का, असे मला कोणी विचारले, तर रेडफर्नच्या फळभाजीची आठवण करून देईन.

एका जुन्या देणगीदार बंधूंनी पत्र लिहून विचारले, "ताई, केंद्र त्यांच्या हाती दिले, मग आपले काय उरले?" प्रश्न प्रेमाने विचारला आहे आणि उत्तर द्यायलाच हवे. आपल्याकडे हिशोब चोख ठेवण्याची जबाबदारी उरते. प्रशिक्षण, पैसा आणि डॉक्टर मिळवण्याचे काम उरते. चुकते आहे असे वाटले तर सभेत स्पष्ट बोलण्याचा हक्क उरतो. उरत नाही तो फक्त शेवटचा शब्द. प्रेषितांनी तो सोडला आणि त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात मंडळी वाढल्याची नोंद आहे.

येत्या वार्षिक सभेत समितीच्या अध्यक्षपदाची निवड आहे. आजवर ते पद आपल्या मंडळीकडेच राहिले. या वेळी आदिवासी सभासदांनी त्यांच्यातले एक नाव पुढे केले आहे. मी त्या नावाला मत देणार आहे. आपण कोणते मत द्यावे हे मी सांगणार नाही, पण मत देण्याआधी हा शास्त्रभाग पुन्हा वाचा, एवढी विनंती.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या सेवाकार्यांत ज्यांच्यासाठी काम चालते त्यांच्यापैकी कोणी निर्णय घेणाऱ्यांत आहे का? नसल्यास का नाही?

२. आपल्या घरी, कामावर किंवा चर्चमध्ये असे कोण आहे, ज्याला माहिती असते पण त्याला कधी विचारले जात नाही?

३. प्रेषितांनी तक्रार ऐकली तेव्हा ती कुरकुर आहे असे म्हणून सोडली असती, तर काय झाले असते?

४. आपली देणगी आपल्याला न पटणाऱ्या पण तिथल्या लोकांना हव्या असलेल्या कामाला गेली, तर आपण पुढे देत राहू का?

प्रार्थनेसाठी

त्या तरुणाचा आणि त्याच्या मुलीचा उपचार पूर्ण व्हावा म्हणून. समितीतल्या सहा नव्या सभासदांना धीराने बोलता यावे म्हणून. आणि आम्हा जुन्या सभासदांना ऐकता यावे म्हणून.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपली भगिनी